चाल ओळखणारे मिस्त्री

माणसाचं तोंड बघण्याआधी मिस्त्री त्याच्या चपला बघत. त्यांच्या वर्कशॉपच्या दाराशी पायताणं काढायची सक्ती होती, त्यामुळे ही सोय आपोआप व्हायची. गिऱ्हाईक आत येऊन गाडीची तक्रार सांगायला लागे, तोवर मिस्त्रींनी त्याची चप्पल उलटी करून टाच कुठल्या बाजूने झिजली आहे ते पाहिलेलं असे. "डावा गुडघा दुखतो ना?" असं विचारत. किंवा, "पिशवी नेहमी उजव्या हातात धरता, बदला." एका वकिलांना त्यांनी "दारू सोडलेली दिसते, चाल सुधारली," असं मोठ्या आनंदाने सांगितलं. वकिलांच्या मिसेस शेजारीच उभ्या होत्या. आपले यजमान घेत होते हेच त्यांना तोवर ठाऊक नव्हतं. दारूबंदीचे दिवस होते ते.

"चपला उलट्यो करतत, म्हणान ह्या घरात भांडणां," असं मिस्त्रींची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. भांडणं होतच, पण त्यांना चपलांची गरज नव्हती. वर्कशॉपच्या मागेच घर होतं. घरातली फळी एका अंगाला कललेली, खाटेच्या एका पायाखाली वीट. बाई त्यावरून काही बोलल्या की मिस्त्री म्हणत, "खाट खंय चलता? चलणाऱ्या वस्तूचा बोल."

चालणाऱ्या वस्तूंतही त्यांना फक्त मोटारीची पुढची दोन चाकं कळत. गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग थरथरतं, टायर एकाच कडेने झिजतो, एवढ्याच तक्रारी ते ऐकून घेत. इंजिनाचं काही काढलं तर "ता माका येणा नाय" असं सरळ सांगत, आणि त्यांना त्याचा अभिमान होता. एरवी ते मुंबईचं मराठी बोलत, पण मोजायला बसले किंवा चिडले की मालवणीवर येत. मूळ घराणं होड्या बांधणाऱ्यांचं. लढाईच्या काळात मुंबईला आले, लष्कराच्या दुरुस्तीखात्यात लागले आणि लढाई संपल्यावर मुलुंडला आग्रा रोडच्या आतल्या एका गल्लीत पत्र्याची शेड टाकून बसले. "होडयेक ब्रेक नसता," ते म्हणत. "म्हणान ती आधीच सरळ बांधूची लागता."

त्या शेडची जमीन शेणाने सारवलेली होती. मोटारीच्या वर्कशॉपात तेलाचा एक थेंब दिसायचा नाही. तेलाची कामं बाहेर, बदामाच्या झाडाखाली. आतली जमीन मिस्त्रींनी रबराच्या नळीत पाणी भरून चारही कोपऱ्यांत समपातळीत आणली होती आणि दर शनिवारी ते ती स्वतः सारवत, कारण बायकोने एकदा सारवली तेव्हा खिडकीपाशी उंचवटा राहिला होता म्हणे. बाकीच्या गॅरेजांत सिमेंटची जमीन, पाणी गटाराकडे जावं म्हणून उतार दिलेली. त्या गॅरेजवाल्यांबद्दल मिस्त्री वाईट बोलत नसत, पण नाव निघालं की मान थोडी तिरकी करून दाखवत.

मोजण्याची साधनं म्हणजे सुतळी, ओळंबा आणि चुन्याची पूड. चाकाच्या मध्यावरून ओळंबा सोडायचा, खाली चुन्याचा ठिपका द्यायचा, आणि ठिपक्यांमधलं अंतर सुतळीने घ्यायचं. प्रत्येक माप तीनदा. तिन्ही मापं जुळली नाहीत तर त्या दिवशी काम बंद; मिस्त्री गळ घेऊन खाडीवर जात. एका शेटजींची गाडी याच कारणाने नऊ दिवस तिथे उभी होती. शेटजी चिडले तेव्हा मिस्त्रींनी त्यांना दोन बोयटं दिली. शेटजी शाकाहारी होते.

आणि या माणसाला गाडी चालवता येत नव्हती. शिकायची इच्छाही नव्हती. "माका खंय जाऊचा आसा?"

मी तेव्हा नुकती डॉक्टर होऊन वडिलांच्या प्रसूतिगृहात काम करू लागले होते. अण्णांचा उजवा हात पक्षाघाताने गेला होता. ते व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसत आणि तिथून सगळं चालवत. त्यांची गाडी छत्तीस सालची, इंग्रजी बनावटीची, काळी, लांब नाकाची. ती माझ्याकडे आली, कारण भांडुप, नाहूर, कांजूर इथून घरच्या बाळंतपणाची बोलावणी येत आणि तिथे वेळेत पोचायला दुसरा उपाय नव्हता. अण्णांचा एक नियम होता: डॉक्टरची गाडी कायम तोंड रस्त्याकडे करून उभी असली पाहिजे. निघताना वळवत बसायला वेळ नसतो. मी तो नियम इतका अंगवळणी पाडून घेतला होता की बाजारात, देवळाबाहेर, कुठेही गाडी रिव्हर्सनेच लावायची.

ही गाडी पुढे पुढे डावीकडे ओढायला लागली. कधी दोन मैल ठीक जायची, आणि मग एकाएकी असं वाटायचं की कुणीतरी डाव्या चाकाला दोरी बांधून खेचतंय. एका सकाळी भांडुपच्या मिठागराजवळ समोर सायकलवाला आला म्हणून मी ब्रेक मारला, आणि सायकलवाल्याला चुकवून गाडी रस्ता सोडून बांधावर चढली. माझ्याबरोबर यमुनाबाई होत्या, आमच्या सुईण. भारदस्त बाई. त्यांच्या कपाळाला टेंगूळ आलं, आणि पुढचा महिनाभर ज्याने ज्याने विचारलं त्याला त्यांनी ते कसं आलं ते सांगितलं.

गाडी तीन गॅरेजांत दाखवली. तिघांनीही वर उचलली, खाली ठेवली, मापं घेतली आणि सांगितलं की गाडीत काही दोष नाही. तिसरा हसत हसत म्हणाला, "बाई, गाडी सरळ आहे. हात सरळ ठेवा."

हे गावभर झालं. मुलुंड तेव्हा गावच होतं. आमच्याकडे बाळंतपणासाठी नाव घालून गेलेल्या मुलींच्या सासवा एकेक करून येऊ लागल्या. कुणी म्हणे माहेरी पाठवतोय, कुणी म्हणे शहरात दिराच्या ओळखीचे डॉक्टर आहेत. एकीने मात्र आडपडदा ठेवला नाही. "जिला चाक सरळ धरता येत नाही," ती म्हणाली, "तिच्या हाती आमची पहिलटकरीण कशी द्यायची?"

मी वहीतलं तिच्या सुनेचं नाव खोडलं, कारण तोवर मलाही तेच वाटायला लागलं होतं. त्याच आठवड्यात एका अडलेल्या बाईला चिमटा लावून मोकळं करायचं होतं. शिकताना मी ते अनेकदा केलं होतं. त्या दिवशी मी चिमटा हातात घेतला, खाली ठेवला आणि तिला ॲम्ब्युलन्सने शहरात पाठवलं. ती आणि बाळ दोघंही वाचली, पण वाटेत ती जेवढी कळवळली असेल तेवढी माझ्यामुळे.

अण्णांनी ते पाहिलं होतं. संध्याकाळी म्हणाले, "अगं, गाडी विकून टाकू. घरची बाळंतपणं बंद कर. इथे येतील तेवढ्या बघू."

"आणि इथे कुणीच आलं नाही तर?"

अण्णांची चूक नव्हती. त्यांच्यापुढे तीन गॅरेजवाल्यांची साक्ष होती.

मिस्त्रींकडे मी शेवटचा उपाय म्हणून गेले. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळवली आणि नेहमीप्रमाणे रिव्हर्सने शेडमध्ये घेतली. मिस्त्रींच्या भुवया वर गेल्या, पण डॉक्टरची गाडी म्हणून त्यांनी चालवून घेतलं. माझ्या चपला उलट्या करून पाहिल्या. काही बोलले नाहीत. मग दोन तास मोजमाप. ओळंबा, चुना, सुतळी. डाव्या बाजूला पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जेवढं अंतर, तेवढंच उजव्या बाजूला. तिन्ही वेळा. सुतळी गुंडाळत ते उठले.

"गाडी सरळ आसा," ते म्हणाले.

"मिस्त्री, नीट बघितलंत ना?"

"डॉक्टरीणबाई, माझी जमीन खोटा बोलणा नाय. दोष गाडयेत नाय."

तो कुठे आहे हे त्यांनी सांगितलं नाही. मी चपला घातल्या आणि गाडी बाहेर काढली. गल्लीच्या टोकाला बकऱ्यांचा कळप आडवा आला, मी ब्रेक मारला, कळप गेल्यावर घरी आले. अण्णांना म्हटलं, गिऱ्हाईक बघा.

तिसऱ्या दिवशी सकाळी तपासणीच्या वेळेला मी पडदा बाजूला केला, तर बाहेरच्या बाकावर पाच पोटुशा बायकांच्या रांगेत मिस्त्री बसलेले. पाय जवळ घेतलेले, मांडीवर पिशवी. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"मिस्त्री, तुम्ही? या ना आत."

"नको. नंबर आहे."

"अहो, काय काम आहे?"

"नंबर येऊ द्या."

नंबर आला तेव्हा आत येऊन ते उभेच राहिले. "मी चुकलंय," ते म्हणाले.

मी पेन खाली ठेवलं.

"त्या दिवशी तुम्ही गेलात तेव्हा मी दारात उभा होतो. बकऱ्यांच्या आधी तुमची दोन्ही कोपरं सारखी होती. बकऱ्या गेल्या आणि तुम्ही गाडी काढलीत, तेव्हा उजवं कोपर वर. गाडीला उजवीकडे ओढून धरत होतात." त्यांनी आपलं कोपर वर करून दाखवलं. "दोन दिवस मी ह्योच इचार करतंय. होडी असो नायतर गाडी असो, बकऱ्यांमुळे माणसाचो हात बिघडणा नाय. बकऱ्यांमुळे काय झाला? तुम्ही ब्रेक मारलात."

मग ते मला बाहेर घेऊन गेले. बाकावरच्या बायकाही उठून आल्या. यमुनाबाई आल्या. अण्णा व्हरांड्यात होतेच.

गाडी आवारात नेहमीसारखी तोंड रस्त्याकडे करून उभी होती. मिस्त्रींनी पिशवीतून ओळंबा काढला, चुन्याचे ठिपके दिले आणि सुतळीचं दुसरं टोक यमुनाबाईंच्या हातात दिलं.

"घट्ट धरा हां. हलवू नका."

"मिस्त्री, मी बाळं धरते. मला धरायला शिकवू नका."

दोन्ही बाजूंची अंतरं सारखी आली.

"आता गाडी पुढे न्या, फाटकाबाहेरच्या पिंपळापाशी जोरात ब्रेक मारा. आणि काय वाट्टेल ते झालं तरी मागे घेऊ नका. उतरा आणि बाजूला व्हा."

मी तसंच केलं. मिस्त्री रस्त्यावर गुडघ्यांवर बसले. उजवी बाजू मोजली, डावी मोजली. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर त्यांनी सुतळीवर अंगठा दाबून ती अण्णांच्या खुर्चीपाशी नेली आणि त्यांना दाखवली. डावी बाजू अंगठ्याच्या नखाएवढी आखूड होती.

"आता मागे घ्या. ब्रेक मारा."

मी मागे घेतली, ब्रेक मारला. मापं पुन्हा सारखी.

"परत," अण्णा म्हणाले. हे सगळं परत झालं. पुढे नेऊन थांबवली की डावं चाक मागे सरकायचं. मागे घेऊन थांबवली की जागेवर यायचं. बायकांना आता रंग चढला होता. "सरकलं गं सरकलं!" असं एकजण ओरडलीसुद्धा.

मिस्त्री गाडीखाली शिरले. पुढच्या आसाला डाव्या बाजूने धरून ठेवणारी पोलादी कमान असते, तिच्या मध्यावर एक बोल्ट असतो. तो बोल्ट आतल्या आत तुटला होता. बाहेरून त्याचं डोकं जागच्या जागी दिसत होतं, त्यामुळे कुणाला शंका आली नव्हती. ब्रेक लागला की आस त्या बाजूने मागे ढकलला जायचा आणि गाडी डावीकडे ओढायला लागायची. मी मात्र प्रत्येक गॅरेजात शहाण्यासारखी रिव्हर्सने जात होते, आणि आत पोचेपर्यंत आस आपल्या जागी गेलेला असायचा. चौघांनीही मोजलं ते बरोबरच मोजलं होतं.

मिस्त्रींनी बोल्टाचे दोन तुकडे माझ्या हातावर ठेवले. यमुनाबाई वाकून बघत म्हणाल्या, "एवढ्याशासाठी माझं कपाळ फुटलं?"

अण्णांनी ते तुकडे डाव्या हातात घेऊन उलटसुलट पाहिले. "तोंड रस्त्याकडे करून लावायची, हा नियम माझा," ते म्हणाले.

"नियम बरोबर आसा," मिस्त्री म्हणाले. "फक्त माका सांगूक व्हयो होतो. आणि मी तुमका इचारूक व्हया होता."

बोल्ट दुसऱ्या दिवशी बसला. गाडी विकायचा विषय संपला. पण हे एवढ्यावर थांबलं नाही, कारण मिस्त्रींच्या मते दुरुस्ती अर्धीच झाली होती.

तुटका बोल्ट रुमालात बांधून ते त्या तिन्ही गॅरेजांत गेले. हे मला पुढे एका ड्रायव्हरकडून कळलं. आधी तिथल्या लोकांनी त्यांना भरपूर चिडवलं. "काय मिस्त्री, तुमची शेणाची जमीन पण फसली?" मिस्त्री म्हणाले, "जमीन नाय फसली, मी फसलंय. तुम्हीसुदिक फसलात. आता डॉक्टरीणबाईच्या हाताचा ज्यांका ज्यांका सांगितलात, त्यांका जाऊन सांगा." ते हसले. कोण कशाला जाईल सांगायला? बाकावरच्या पाच बायकांनी आपापल्या घरी सांगितलं असेल, पण सासवांनी ऐकून घेतलं नसावं. माझा बाक पुढचे कितीतरी दिवस अर्धा रिकामाच राहिला.

मग एका दुपारी मिस्त्री मुलीला घेऊन आले. पहिलं बाळंतपण, सातवा महिना, म्हणून ती वडिलांकडे आली होती. मिस्त्रींची बायकोही बरोबर होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून घरात काय झालं असेल ते दिसत होतं.

"नाव घाला," मिस्त्री म्हणाले.

"आमच्या गावाक सुईण आसा," बायको म्हणाली. "माझी तिन्ही तिनाच काढल्यान."

"मग हिला गावी न्यायची होती ना," मी म्हटलं. "मला राग नाही येणार."

"ह्येका इचार!" बाई नवऱ्याकडे हात करून म्हणाल्या. "ह्येच्या बोल्टापायी माझ्या चेडवाचा बाळंतपण!"

मिस्त्रींनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मी नाव घातलं. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटली. या मुलीचं काही वाकडं झालं असतं, तर मुलुंडमध्ये मला कुणी दारातसुद्धा उभं केलं नसतं, आणि मिस्त्रींना घरात.

नववा महिना भरला. एका सकाळी दहाच्या सुमाराला निरोप आला, गाडी घेऊन या. कळा चांगल्या सुरू झाल्या होत्या. मुलगी आणि आई मागे बसल्या. मिस्त्री पुढे माझ्या शेजारी. धुतलेला सदरा, काळी टोपी, लग्नाला निघाल्यासारखे. गल्लीच्या तोंडाशी मी प्रसूतिगृहाच्या बाजूला वळणार, तर ते म्हणाले, "इकडून नको. बाजारातून घ्या."

"बाजारातून? लांब पडेल."

"घ्या म्हणतो ना."

तोवर गाडी वळलीच होती. बाजार भरलेला. पहिलं गॅरेज आलं. मिस्त्रींनी काच खाली केली आणि बाहेर कोपर ठेवलं. "हळू घ्या," ते मला म्हणाले. "लोकांक दिसूक व्हया." आणि बाहेर तोंड काढून मोठ्याने, "काय रे, बरा मा? चेडवाक घेऊन चललंय! डॉक्टरीणबाईकडे!"

"बाबा!" मागून मुलगी किंचाळली. "मी मरतंय हय, आणि तुमका लोकांचा पडलाहा!"

"गप. अजून दोन गॅरेजं आसत."

"तुमच्या गॅरेजांक घाला आग!" बायको म्हणाली.

मी आरशात बघितलं. मुलीचा चेहरा बघून मला कळलं की वेळ फारसा नाही. मी दोन्ही हातांनी चाक धरलं, हॉर्नवर अंगठा दाबला आणि गाडी पळवली. दुसरं गॅरेज कधी गेलं ते मला दिसलंही नाही. तिसऱ्यासमोर एक हातगाडी आडवी होती. मी करकचून ब्रेक मारला, गाडी सरळ थांबली, हातगाडी सरकली, मी पुन्हा निघाले. मिस्त्री एका हाताने टोपी आणि दुसऱ्याने दार धरून ओरडत होते, "हळू! अहो, कोणाक काय दिसला नाय!"

बाळ अडलं होतं. चिमटा लावावा लागला. यमुनाबाई समोर उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग पाहिलं नाही. मी तो लावला. हात जिथे जायला हवा होता तिथे गेला. मुलगा झाला, सात पौंडांचा, आणि त्याचा आवाज ऐकून मिस्त्रींची बायको बाहेर बसल्या जागी नवऱ्याला रागावायची थांबली.

मिस्त्रींनी नातवाला हातात घेतलं, पण तोंडाकडे नंतर बघितलं. आधी दुपटं सोडून दोन्ही पाय जुळवून पाहिले. तिथवर ठीक होतं. माझ्यावरचा राग मात्र त्यांनी पुरते तीन दिवस धरला. एवढा बाजारातून रस्ता ठरवला, सकाळची वेळ साधली आणि मी घाई करून सगळं वाया घालवलं, असं ते अण्णांपाशी बसून सांगत. अण्णा त्यांची समजूत काढत नसत. दोघं व्हरांड्यात चहा पीत आणि माझ्या ड्रायव्हिंगला नावं ठेवत.

चौथ्या दिवशी सकाळी मी पडदा बाजूला केला, तर बाकावर ती आडपडदा न ठेवणारी सासू बसली होती. शेजारी तिची सून, पोट चांगलंच दिसत होतं.

"परवा बाजारातून ती काळी गाडी गेली, ती तुमचीच ना?" तिने विचारलं.

"माझीच."

"त्यात त्या मिस्त्र्याची मुलगी होती म्हणतात."

"होती."

"त्या मिस्त्र्याने आमच्या ह्यांच्या मोटारीला नऊ दिवस हात लावू दिला नव्हता. माप जुळत नाही म्हणून. एवढा चिकित्सक माणूस." तिने सुनेकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. "आमच्या हिचं नाव परत घाला."

मी वही ओढली आणि सुनेला विचारलं, कितवा महिना.